तिच्या नावाची नोंद



मेक्सिकोतल्या आपल्या मराठी मंडळात राजकारणाचा विषय निघाला की कोणीतरी लगेच ३३व्या कलमाची आठवण करून देतं. मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेतलं हे कलम परदेशी माणसाला इथल्या राजकीय कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं. आपण इथले मतदार नाही, इथल्या मोर्चात आपलं काम नाही, आणि यजमान देशाने घातलेली ही मर्यादा पाळायलाच हवी. पण ज्या देशात आपण कमावतो, मुलं वाढवतो, तो समजून घ्यायला कोणी मनाई केलेली नाही. गेल्या सात-आठ वर्षांत इथल्या राजकारणाने ज्यांचं आयुष्य सगळ्यात जास्त बदललं, त्यातल्या कित्येकजणी रोज सकाळी आपल्याच घरी कामाला येतात. म्हणून या वेळी त्या विषयावर लिहिते आहे.

१ जानेवारी २०२६पासून मेक्सिकोतलं किमान वेतन दिवसाला ३१५.०४ पेसो झालं. उत्तर सीमेलगतच्या पट्ट्यात ते याहून जास्त आहे. २०१८ साली हाच आकडा ८८.३६ होता. मधल्या काळातली महागाई वजा केली तरी ही वाढ दुपटीहून अधिक भरते. त्याआधी कितीतरी वर्षं इथे एकच पाठ ऐकवला जायचा, की मजुरी वाढवली तर महागाई भडकेल, धंदे बसतील, नोकऱ्या जातील. लोपेस ओब्राडोर २०१८ मध्ये ‘आधी गरीब’ म्हणत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि त्यांनी दर वर्षी मजुरी वाढवली. धंदे बसले नाहीत. इनेगी या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या मोजणीनुसार २०१८ मध्ये ४१.९ टक्के लोक गरिबीत होते, २०२४ मध्ये २९.६ टक्के. म्हणजे १ कोटी ३४ लाख माणसं त्या रेषेच्या वर आली. माझ्या मते या राजवटीचं हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या सेन्योराला माझी मुलं मावशी म्हणतात. मावशी मेक्सिको सिटीला लागून असलेल्या एकातेपेकच्या डोंगरउतारावर राहतात. पहाटे पाचला घर सोडायचं, कोम्बीने, म्हणजे सामायिक व्हॅनने, खाली उतरायचं, इंदिओस वेर्देसला मेट्रो गाठायची आणि शहराच्या या टोकाला यायचं. कोम्बीत मागे बसलेल्याचं नाणं हातोहात पुढे ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे तसेच हातोहात मागे येतात. एक पेसोही कमी होत नाही, हे त्या अभिमानाने सांगतात. त्याच कोम्बीत चोरटे चढतात, म्हणून त्यांच्या पिशवीत दोन फोन असतात. त्यातला जुना, काच तडकलेला, खास चोराच्या हातात द्यायला ठेवलेला. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी आठवड्यातून एखाद-दोनदा येतं, बाकीचे दिवस टँकरवर. मजुरी वाढली हे खरं, पण कोम्बीतली भीती आणि कोरडा नळ हेही तितकंच खरं आहे.

२ जून २०२४ च्या निवडणुकीत मावशींनी शाई लावलेला अंगठा आम्हाला कौतुकाने दाखवला होता. त्या दिवशी लोपेस ओब्राडोर यांच्याच पक्षाच्या क्लाउडिया शेनबाम जवळजवळ ६० टक्के मतं घेऊन निवडून आल्या, मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. आपल्यातल्या अनेकांना तेव्हा प्रश्न पडला होता की इतका हिंसाचार असताना लोक त्याच पक्षाला एवढी मतं कशी देतात? मावशींच्या घरचा हिशेब पाहिला की उत्तर मिळतं. त्यांच्या आईला ज्येष्ठांची पेन्शन मिळते. २०२५ मध्ये ती दर दोन महिन्यांनी ६,२०० पेसो होती, बँकेच्या कार्डावर, मध्ये कोणी दलाल नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची धुणी धुतलेल्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले. तिचं मत कुठे जाणार हे सांगायला राजकीय विश्लेषक लागत नाही.

पण गरिबीच्या त्याच मोजणीत आणखी एक आकडा आहे आणि सरकारी भाषणांत तो फारसा ऐकू येत नाही. आरोग्यसेवा न मिळणाऱ्या लोकांचं प्रमाण २०१८ मध्ये १६.२ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ३४.२ टक्के झालं. जुनी ‘सेगुरो पोपुलार’ योजना बंद केली, तिच्या जागी आणलेली ‘इन्साबी’ तीन वर्षांत गुंडाळली, मग ‘इम्स-बिएनेस्तार’ उभी करायला घेतली. या उलथापालथीत माणसांनी काय केलं? औषधाच्या दुकानाला लागून असलेल्या छोट्या दवाखान्यात थोडे पैसे देऊन डॉक्टरला दाखवलं आणि मोठं दुखणं अंगावर काढलं. पित्ताशयाचं एक ऑपरेशन मजुरीतली वर्षभराची सगळी वाढ घेऊन जाऊ शकतं. हे अपयश आहे आणि त्याला दुसरा शब्द वापरू नये.

इथेच आपल्या घराचा संबंध येतो. मेक्सिकोत नोकरदाराला दवाखाना आणि म्हातारपणाची पेन्शन मिळते ती इम्स या सामाजिक विमा संस्थेतून, आणि इम्समध्ये नाव घालायची जबाबदारी मालकाची असते. घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र या हक्कातून दशकानुदशकं वगळलेलं होतं. वीस लाखांहून जास्त माणसं, बहुतेक सगळ्या बायका, आणि कायद्याच्या लेखी त्यांच्या मालकावर या विम्याची कसलीच सक्ती नाही. मार्सेलिना बाउतिस्ता ही ओआहाकाहून लहानपणीच राजधानीत घरकामाला आलेली मुलगी. तिने २००० साली घरकामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं हा प्रश्न धरून ठेवला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरकामगारांना सक्तीच्या विम्यातून वगळणं हा भेदभाव आहे. आधी प्रायोगिक योजना आली, २०२२च्या अखेरीस कायदा बदलला आणि नोंदणी सक्तीची झाली.

हा निकाल दिला तो जुन्या न्यायालयाने, हे मुद्दाम सांगते. त्यानंतर देशातली न्यायव्यवस्था मुळापासून बदलली. १ जून २०२५ रोजी मेक्सिकोने न्यायाधीश मतपेटीतून निवडले. मतदान झालं सुमारे १३ टक्के. नावं शेकड्यांनी, मतपत्रिका रंगीबेरंगी, आणि कोणाला मत द्यायचं याच्या छापील घड्या लोकांच्या हातात आधीच पोचलेल्या. नव्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष उगो आगिलार हे ओआहाकाचे मिश्तेक समाजातले वकील. आदिवासी समाजातला माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आनंद मलाही आहे. पण संसदेत ज्या पक्षाचं मित्रपक्षांसह मोठं बहुमत, त्याच्याच लाटेत न्यायाधीशही निवडून येणार असतील, तर उद्या बहुमताला नको असलेला निकाल एखाद्या मोलकरणीच्या बाजूने कोण देणार, ही काळजी मला वाटते. जुनी न्यायालयं भ्रष्ट होती, वशिल्याची होती, हे इथला कोणीही सांगेल. त्यावरचा हा उपाय मला पटलेला नाही.

आणि एक जखम अशी आहे की तिच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. या देशात बेपत्ता म्हणून नोंद असलेल्या माणसांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली आहे. मेट्रोच्या खांबांवर, बसथांब्यांवर त्यांचे फोटो चिकटवलेले आपण रोज पाहतो. कपडे काय होते, अंगावर गोंदण कोणतं, शेवटचं कुठे दिसले. हे फोटो बहुतेक वेळा आयांनी लावलेले असतात. ‘माद्रेस बुस्कादोरास’, मुलांना शोधत फिरणाऱ्या आया, हातात कुदळ आणि लोखंडी सळई घेऊन माळरानं उकरतात. सळई जमिनीत खुपसायची, वर काढून वास घ्यायचा, खाली काय आहे ते त्यावरून कळतं. मार्च २०२५ मध्ये हालिस्को राज्यातल्या तेउचित्लानच्या एका रँचवर जळलेली हाडं आणि बुटांचे, कपड्यांचे ढीग सापडले ते अशाच एका शोधगटाला. ग्वादालाहारात राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या घरांपासून ती जागा तासा-दीड तासावर आहे. १ नोव्हेंबर २०२५ला, मृतात्म्यांच्या सणाच्या संध्याकाळी, उरुआपानचे महापौर कार्लोस मांसो यांना भर चौकात गोळ्या घातल्या गेल्या. शेनबाम यांच्या सरकारने आधीच्या सरकारपेक्षा अधिक नेटाने टोळ्यांवर कारवाई सुरू केली आहे. पण त्या आयांना राष्ट्राध्यक्षांनी जेवढं जवळ करायला हवं होतं तेवढं केलेलं नाही. राजधानीच्या मुख्य चौकात, सोकालोत, स्त्रियांच्या गौरवाची भाषणं होतात तेव्हा या बायका कुठे असतात, हे विसरता येत नाही.

आपण परके, आपण यात काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. तेव्हा मला वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांची आठवण येते. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक इंग्रजांच्या राज्यात परतता येईना म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोत आले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. समोरच्या शेतकऱ्याचं कणीस कसं भरेल हे त्यांनी पाहिलं. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात जेवणाच्या मेजाच्या मधोमध, भाकरी मोडून वाटणारा माणूस म्हणून त्यांनाच रंगवलं. ती इमारत आता संग्रहालय आहे. राजधानीत राहून ज्यांनी अजून ते चित्र पाहिलं नसेल, त्यांनी मुलांना घेऊन एकदा जावंच.

     

आता मूळ मुद्द्याकडे. मावशींची इम्समध्ये नोंदणी करताना त्यांनी आपला सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिलेला कागद आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून, मुलांच्या जन्मदाखल्यांबरोबर जपून ठेवलेला. तरुणपणी त्या शिलाईच्या कारखान्यात होत्या तेव्हाचा तो क्रमांक. इथे कामगार पेन्शनचा हिशेब आठवड्यांत करतात. ज्या कामगाराची पहिली नोंद जुलै १९९७ नंतरची आहे त्याला २०२६ मध्ये निवृत्त व्हायचं तर ८७५ आठवड्यांची वर्गणी भरलेली लागते, आणि २०३१ पर्यंत हा आकडा हजारावर जाणार आहे. त्यांचे आठवडे कारखाना सुटला तिथे थांबले होते. त्यापुढे त्यांनी चार घरी इतकी वर्षं राबून घालवली, पण खात्यात एकाही आठवड्याची भर पडली नाही. नोंदणी झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: आता माझे आठवडे परत चालू झाले का?

मंडळात या विषयावर बोलले तेव्हा ज्या शंका आल्या त्यांना इथेच उत्तर देते. बाई आठवड्यातून दोनच दिवस येते, तरीही नोंदणी करायची. वर्गणी त्या दिवसांच्या पगारावर ठरते आणि बाकीची घरं आपापला वाटा भरतात. आपण दोन वर्षांनी परत जाणार असलो तरी त्या दोन वर्षांचे आठवडे तिच्या खात्यात कायम राहतात. बाईच नको म्हणते, असं काहींनी सांगितलं. बहुतेक वेळा तिला पगारातून मोठी कपात होईल किंवा आईची पेन्शन बंद होईल अशी भीती असते. ज्येष्ठांची पेन्शन सर्वांसाठी आहे, ती यामुळे जात नाही. बाईशी बसून नीट बोला. त्याशिवाय वर्षअखेरीला किमान १५ दिवसांच्या पगाराएवढं आगिनाल्दो, म्हणजे बोनस, आणि पहिल्या वर्षानंतर किमान १२ दिवसांची भरपगारी रजा हा तिचा कायद्याने हक्क आहे. ती आपली मेहेरबानी नाही.

आपल्याकडेही १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला होता. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली, आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ साल उजाडलं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशाच बायकांनी आपल्याला अंगाखांद्यावर वाढवलं आहे. त्यांच्या म्हातारपणाची सोय कोणी केली होती का, हा प्रश्न आपण आपल्या आईवडिलांना विचारायला हरकत नाही.

नोंदणी इम्सच्या संकेतस्थळावर होते. तिचा कुर्प हा ओळख क्रमांक, सामाजिक सुरक्षा क्रमांक, पत्ता, कामाचे दिवस आणि पगार एवढी माहिती लागते. महिन्याच्या २० तारखेच्या आत पैसे भरले की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून तिला दवाखान्याचं, बाळंतपणाचं, पाळणाघराचं आणि पेन्शनचं संरक्षण लागू होतं. स्पॅनिश अर्ज भरताना अडचण आली तर कार्यकारिणीतल्या कोणालाही फोन करा, आम्ही शेजारी बसून भरून देऊ. या महिन्याची २० तारीख चुकवू नका.