फुलांचं कस्टर्ड विकत मिळणार नाही

गुलाबपाणी घालून कस्टर्ड पाय करावा, असं कुणी सुचवलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: साबण खाल्ल्यासारखं लागेल. (पाय म्हणजे मैद्याच्या पारीत दूध-अंड्याचं मिश्रण ओतून भट्टीत भाजलेला इंग्रजी वळणाचा पदार्थ. देवनागरीत हा शब्द लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं, पण दुसरा सोयीचा शब्द नाही.) हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नाक उगाच तक्रार करत नाही. मात्र कुणी कुणाकडून वास उसना घेतला हे एकदा पाहायला हवं. खानदेश आणि निमाडच्या माळांवर उगवणाऱ्या रोशा गवताचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. गवतात आणि गुलाबात जिरॅनिऑल हे द्रव्य सामाईक असल्यामुळे ती भेसळ खपून जात असे. पुढे तेच तेल साबणात गेलं. म्हणजे साबणानं गुलाबाची नक्कल केली आणि आता अस्सल गुलाबावर नकलेचा आळ येतो आहे. लव्हेंडरचं तेच. त्याच्या वासातला मोठा वाटा लिनॅलूल या द्रव्याचा, आणि हेच लिनॅलूल आपल्या धण्यांच्या तेलातही सर्वांत जास्त असतं. धणे भाजताना कुणाला न्हाणीघर आठवत नाही. मग दोष द्रव्याचा नसून दुसऱ्याच कशाचा तरी आहे, आणि तो प्रमाणाचा आहे, असं मला वाटतं.

फुलं खाणं आपल्याला परकं आहे, हा या आक्षेपाचाच सौम्य अवतार. गोड्या मसाल्याचा डबा उघडून पाहिला तर यात किती गोंधळ आहे ते कळेल. ज्याच्या नावातच फूल आहे ते दगडफूल मुळात फूल नाही, ते बुरशी आणि शेवाळ मिळून बनलेलं, दगडावर वाढणारं लायकेन आहे. चक्रीफूल हे फळ आहे. उलट लवंग ही न उमललेली कळी, नागकेशरही फुलाचाच भाग, आणि श्रीखंडातलं केशर म्हणजे फुलाच्या आतले तीन तंतू. साखरभातात आपण लवंग आणि केशर एकदम घालतो, म्हणजे दोन फुलं एका पातेल्यात. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी आणि मोगऱ्याची चार फुलं टाकण्याची चाल तर अगदी घरगुती. त्या पाण्याला कुणी साबणाचं पाणी म्हणत नाही, कारण तिथे फुलं चारच असतात आणि माठ मोठा असतो.

इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या घरी तर हा पदार्थ नवलाईचा नव्हताच. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या स्वयंपाक्यांनी १३९० च्या सुमारास संकलित केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या ग्रंथात साम्बोकाड नावाचा एक पदार्थ आहे: पारीत पाणी निथळलेला दह्यासारखा चक्का, साखर, अंड्याचा पांढरा बलक, एल्डर झुडपाची फुलं आणि वर गुलाबपाणी, हे सगळं भाजायचं. चारशे वर्षांनी, १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स हिचं ‘अमेरिकन कुकरी’ निघालं. त्यातही दूध-अंड्याच्या कस्टर्डपासून केकपर्यंत गुलाबपाणी सहज येतं, जसं आपल्याकडे वेलदोडा येतो. मग हे सगळं गेलं कुठे? व्हॅनिलानं घालवलं. मेक्सिकोबाहेर व्हॅनिलाच्या वेलीला शेंगा धरत नव्हत्या. १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीच्या टोकानं हातानं परागण करण्याची युक्ती काढली आणि लागवड जगभर पसरली. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवलं आणि शेंगेचीही गरज संपली. गंमत अशी की व्हॅनिला हे ऑर्किडच्या फुलाचंच फळ. फुलाला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं ते फुलाच्याच लेकरानं. व्हॅनिला चविष्ट होता म्हणून जिंकला हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तो बाटलीत टिकतो, भट्टीत टिकतो, महिनाभर फडताळात टिकतो. कारखान्याला आणि दुकानाला हवा असतो तो हाच गुण.

माझा मुद्दा इथेच आहे. फुलाचा वास दुकानाच्या तब्येतीला मानवत नाही, म्हणून फुलांचा कस्टर्ड पाय करायचा तर तो घरीच करायला हवा. हे हौसेचं किंवा ‘घरच्या चवीचं’ समर्थन नाही, यामागे व्यवहाराचं कारण आहे. दुकानातला पाय सकाळी भाजला जातो, गार होतो, काचेच्या थंड कपाटात बसतो आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी खाल्ला जातो. थंडीत वास दबतो, हे फ्रीजमधून काढलेला आंबा आणि आढीतून काढलेला आंबा यांच्यातला फरक ठाऊक असलेल्याला सांगायला नको. मग थंड कपाटातूनही गिऱ्हाईकाच्या नाकापर्यंत पोचायचं तर बेकरीवाल्याला वास वाढवावाच लागतो, आणि ताजं फूल रोज परवडत नाही म्हणून तो अर्काची बाटली उघडतो. बाटलीत दोनचार द्रव्यं असतात, फुलात शेकडो. त्या दोनचारांचा मारा मात्र दुप्पट होतो. साबणाची आठवण येते ती या टप्प्यावर. ज्यानं हा पाय पहिल्यांदा दुकानातच खाल्ला त्याचं मत मग कायमचं बनतं.

यावर नेपल्सकडे बोट दाखवता येईल. तिथला पास्तिएरा हा ईस्टरचा गोड पदार्थ: पारीत रिकोटा चीज, अंडी, दुधात शिजवलेले गहू आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. आपल्या गव्हाच्या खिरीचा हा लांबचा नातलगच म्हणायचा. तो दुकानात मिळतो, सणाच्या दोनतीन दिवस आधी करून ठेवतात, आणि मुरल्यावर जास्त चांगला लागतो. हे उदाहरण माझ्या विधानाला खरोखरच आडवं येतं, तेव्हा विधान जरा आवरतं घेतो. पास्तिएरा दाट असतो, गव्हाच्या दाण्यांनी आणि चीजनं भरलेला, जवळजवळ वडीसारखा कापला जाणारा. माझं म्हणणं दुधाच्या हलक्या कस्टर्डबद्दल आहे, जे ताटलीत ठेवताना थरथरतं. त्याला काही तासांत पाणी सुटतं आणि खालची पारी सादळते. वास उडून जाण्याआधी पोतच बिघडतो. टिकाऊ करायचं तर त्यात पिठी वाढवावी लागते, आणि पिठी वाढली की फुलाचं काम अवघड होतं. ते कसं, हे जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

फुलातली सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. कनौजचे अत्तरवाले याच गुणावर पोट भरतात: देगेत पाकळ्या आणि पाणी उकळायचं, वाफ नळीतून भपक्यात न्यायची, तिथे ती थंड करून वास पकडायचा. पाकळ्या घालून दूध खळखळ उकळणारा माणूस तेच करत असतो, फक्त भपका न लावता. घरभर घमघमाट सुटतो आणि पातेल्यात पाकळ्यांचा तुरटपणा उरतो. कॉर्नफ्लोअरच्या कस्टर्डला उकळी फुटल्याशिवाय त्याचा कच्चटपणा जात नाही, म्हणून तिथे फुलाला जागाच नसते. फार तर गॅस बंद करून, कोमट झाल्यावर वरून गुलाबपाणी ढवळायचं. अंड्याचं कस्टर्ड मात्र साधारण ८० अंश सेल्सियसला धरतं आणि ८५च्या पुढे गेलं की दाणे धरून पाणी सोडू लागतं. म्हणजे अंड्याला जी मंद आच लागते तीच फुलालाही सोसते. ओव्हन १६० अंशांवर असला तरी पायचा गाभा तिथवर पोचत नाही. कडा धरल्या आणि मधला भाग अजून हलतो आहे अशा वेळी बाहेर काढला की उरलेलं काम आतल्या उष्णतेनं होतं. जुन्या स्वयंपाक्यांनी कस्टर्ड आणि फूल यांची जोडी जमवली ती तापमापकाशिवाय, पण जमवली बरोबर. शिवाय दुधातली आणि सायीतली चरबी वास धरून ठेवते.

सगळ्या फुलांना एकच रीत लागू होत नाही. गुलाबाच्या वासातलं एक मोठं द्रव्य, फिनाइलइथेनॉल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं (नावात फिनाइल असलं तरी फरशीशी संबंध नाही), म्हणून चांगलं ऊर्ध्वपातित गुलाबपाणी पाकळ्यांपेक्षा सोयीचं. अर्धा लिटर दुधाला दोन चहाचे चमचे घालून चाखावं, मग वाढवावं. सुकलेलं लव्हेंडर, जे आता जम्मूच्या भद्रवाहमध्येही पिकतं, तेवढ्याच दुधाला एक चमचा पुरतं. गरम दुधात झाकून दहा मिनिटं ठेवून गाळलं नाही तर कापरासारखा कडवटपणा उतरतो. मोगऱ्याची गोष्ट वेगळी. तो तोडल्यानंतरही रात्रभर वास सोडत राहतो. फ्रान्समधल्या ग्रासचे अत्तरकार जाई आणि निशिगंध थंड चरबीच्या थरावर पसरून ठेवत ते याचसाठी, आणि आपल्याकडे चमेलीचं तेल करताना तिळांच्या थरांमध्ये फुलं रचत तेही याचसाठी. मोगऱ्याच्या फुलांना उष्णता दाखवायचीच नाही. थंड सायीत फुलं रात्रभर बुडवून सकाळी गाळली की चरबीच्या थराचं काम फ्रीजमधल्या वाडग्यात होतं.

अंड्याचं काय, हा आपल्याकडचा खरा आक्षेप. मराठी घरांत कस्टर्ड म्हणजे पिवळी पावडर, दूध आणि चिरलेली फळं, आणि ती पावडर मुळात अंडं टाळण्यासाठीच जन्मली: बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत. जे अंडं खात नाहीत त्यांनी खावं, असं मी म्हणणार नाही. पण अंड्याचा हिवस वास येतो म्हणून नको म्हणणाऱ्यांना एवढं सांगावंसं वाटतं की गुलाबपाणी त्या वासावरचाही जुना उतारा आहे. आणि शाकाहारी घरात दुधाचं उत्तम कस्टर्ड आधीपासून आहेच, त्याचं नाव खरवस. चिकातली प्रथिनं वाफेवर धरतात, अंड्याची ओव्हनमध्ये, तत्त्व तेच. खरवसात जायफळ-वेलदोड्याऐवजी केशर आणि दोन थेंब गुलाबपाणी घातलं तर त्याला पारीचीही गरज नाही. पारी हवीच असेल तर ती अवघड नाही. शंकरपाळ्यांना मोहन घालणाऱ्या हाताला ती येतेच, फक्त इथे मोहन कडकडीत नसून थंडगार लोण्याचं, आणि पीठ मळायचं नाही, जेमतेम गोळा करायचं. पारी आधी वर कागद आणि कोरडे राजमे ठेवून भाजून घेतली नाही तर कस्टर्ड तिला भिजवून टाकतं.

खटाटोप फार, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुरणपोळीलाही तेच म्हणता येतं आणि म्हटलं जातंही. फुलांच्या बाबतीत मात्र एक आक्षेप असा आहे की तो खोडायचाच नाही, मान्य करायचा. बाजारातल्या हारांची आणि गुच्छांची फुलं खायची नसतात. ती फवारलेली असतात, आणि फवारणी करणाऱ्यानं ती कुणाच्या पोटात जातील असा विचार केलेला नसतो. देवाला वाहिलेली कण्हेर, पिवळी कण्हेर किंवा धोतरा यांचा तर वासही पातेल्याजवळ नको, ती विषारी आहेत. तेव्हा कुंडीतला गावठी गुलाब, फवारा न मारलेला दारचा मोगरा, नाहीतर खाण्यासाठी म्हणूनच विकलं जाणारं गुलाबपाणी आणि सुकं लव्हेंडर, एवढ्याच वाटा उरतात. यानं पदार्थ महाग होत नाही, हंगामी होतो. चैत्र-वैशाखात कळ्या संध्याकाळी टपोऱ्या होतात, रात्री सायीत जातात, सकाळी पाय भाजला जातो, आणि दुपारपर्यंत तो संपवावा लागतो, कारण चार वाजता खालची पारी सादळायला लागलेली असते.