खेळाडू पाहिजे, विद्यार्थी नको!

बारावीचा निकाल लागला की आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, एक वेगळाच बाजार भरतो. या बाजाराची जाहिरात नसते, पाटी नसते आणि पावती तर मुळीच नसते. जामखेड, पाथर्डी, शेवगावकडच्या वस्त्यांवर मोटारसायकली येतात. महाविद्यालयाचे क्रीडा शिक्षक असतात, सोबत संस्थेचा एखादा कार्यकर्ता असतो. पोराने शालेय कबड्डीत नाहीतर कुस्तीत जिल्हा गाजवलेला असतो. "पोरगा आमच्याकडे द्या. फी नाही. खोली फुकट, मेस फुकट, बूट-किट आमचे. पुढे पोलीस भरतीचे आम्ही बघू." बाप सहा महिने ऊसतोडीला जाणारा. त्याच्या दारात आजवर कुणी शिकलेला माणूस मागायला आलेला नसतो. तो हात जोडतो आणि पोराचे मूळ कागद काढून देतो.

ऊस पळवावा तसे खेळाडू पळवण्याचे हे काम आहे. फरक एवढाच की उसाला कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. तो आदेश किती पाळला जातो हा भाग वेगळा, पण शेतकरी निदान आंदोलन तरी करू शकतो, कारण हातात कागद आहे. पळवलेल्या पोराच्या हातात काय आहे? "सरांनी शब्द दिला होता" एवढेच!

महाविद्यालयांना हे खेळाडू कशाला हवेत, हेही समजून घेतले पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आधी जिल्ह्याच्या विभागात स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ. संघात आपला खेळाडू गेला की संस्थेचा फोटो वर्तमानपत्रात येतो. नॅकची समिती आली की विद्यार्थ्यांनी मिळवलेली क्रीडा पदके मोजली जातात, त्याचे गुण महाविद्यालयाच्या खात्यात पडतात. म्हणजे गुडघा पोराचा आणि श्रेणी संस्थेची. साखरसम्राटांच्या आणि शिक्षणसम्राटांच्या या जिल्ह्यात हा हिशेब कुणालाच नवा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली आणि त्या स्पर्धेत एका मल्लाने पंचाला लाथ मारली म्हणून राज्यभर चर्चा झाली. त्या आखाड्यापर्यंत न पोचता वाटेतच टाकून दिलेल्या पोरांची चर्चा कुणी केली नाही.

असाच एक मुलगा गेल्या पावसाळ्यात बापाला घेऊन आमच्याकडे आला. बौद्ध वस्तीतला, कबड्डीत चढाई करणारा. दोन वर्षे एका महाविद्यालयाकडून खेळला. दुसऱ्या वर्षी सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. रुग्णालयात पहिल्या दिवशी सर आले, दुसऱ्या दिवशी फोन आला, तिसऱ्या दिवशी फोनही बंद. शस्त्रक्रियेसाठी बापाने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. पोराचे हाड जुळायच्या आत खोली रिकामी करण्याचा निरोप आला, कारण नवा चढाईपटू आला होता. मुलगा म्हणाला, ठीक आहे, मी गावाजवळच्या महाविद्यालयात जातो, निदान पदवी पूर्ण करतो. तर कार्यालयाने दोन वर्षांचे मेसचे बिल पुढे केले! जी मेस फुकट होती तिचे बिल. ते भरेपर्यंत बारावीचे मूळ गुणपत्रक आणि जात वैधता प्रमाणपत्र मिळणार नाही, असे सांगितले.

आम्ही त्या मुलाचे कागद चाळले आणि खरा संताप तेव्हा आला. ज्या "फी नाही" या शब्दावर बापाने हात जोडले होते, ती फी महाविद्यालयाने सोडलेलीच नव्हती. मुलगा अनुसूचित जातीचा, उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी आत. त्याच्या नावाने भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज रीतसर भरलेला होता. म्हणजे त्याची फी शासन भरत होते. बाबासाहेबांच्या संविधानाने आणि चळवळीच्या रेट्याने जे त्याला हक्काने मिळत होते, तेच संस्थेने त्याला स्वतःचे उपकार म्हणून विकले, आणि त्या उपकाराच्या बदल्यात त्याचे दोन हंगाम घेतले. आमच्या समाजातल्या किती खेळाडूंना आज हे ठाऊक आहे?

मूळ कागद अडवून ठेवण्याबाबत तर कायदा स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे तपासायची आणि लगेच परत करायची. कोणत्याही महाविद्यालयाने ती स्वतःकडे ठेवायची नाहीत. आम्ही एक पानाची नोटीस पाठवली. चौथ्या दिवशी कागद मिळाले आणि मेसच्या बिलाचा पुन्हा उल्लेखही झाला नाही. बिल खरे असते तर ते इतक्या लवकर मेले नसते.

पण कागद मिळाले म्हणजे सुटका झाली असे नाही. शिष्यवृत्तीच्या नियमात एक अट आहे. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्याने संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. श्रीमंताच्या पोराला ही अट दिसतही नाही. आमच्या पोराच्या पायात मात्र ती बेडी होते, आणि त्याला घेऊन जाणारा क्रीडा शिक्षक तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ज्याला एका महाविद्यालयातून फोडून दुसरीकडे नेले जाते त्या खेळाडूचे तर दुहेरी नुकसान आहे. शिष्यवृत्तीला हजेरीचीही अट असते. सराव, शिबिर, सामने यात तास बुडतात. खेळत असेपर्यंत हजेरी "होते", खेळ थांबला की तीच हजेरी अचानक कमी भरते. आमच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा निकाल हे लिहीत असताना लागलेला नाही.

आमचा खेळ चालतो, आम्ही चालत नाही, हे काही आजचे नाही. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि लोटत होते. मग युरोपियनांच्या क्लबाने चार रुपयांवर नेले. क्लब बदलल्याची कमाई एक रुपया! तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते असे तयार झाले की पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवण्यासाठी त्यांच्याकडे यावे लागले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत, पण चहा मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते त्यांचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही त्याआधी भावांनी अपमान सहन न करता संघातून अंग काढून घेतल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्याचा हिशेब चळवळीने तेव्हाच केला आहे. त्यांच्या चेंडूचे श्रेय आम्ही नाकारत नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाच्या अधिकाऱ्यासमोर बाबासाहेबांनी एका करारावर सही केली. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, परदेशात ठरलेल्या विषयांचा अभ्यास आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. महाराजांची दानत मोठीच होती, पण व्यवहार कागदावर होता. कुणी काय द्यायचे आणि कुणी काय फेडायचे हे लिहिलेले होते. करारापोटी बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. तिथे शिपायांनी फायली फेकल्या, राहायला जागा मिळू दिली नाही, म्हणून त्यांना बडोदे सोडावे लागले. कागद असूनही जात आडवी आली. कागदच नसता तर काय झाले असते?

त्या कराराने बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले, तिथे महाविद्यालयीन फुटबॉल हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. (गंमत अशी की कोलंबिया विद्यापीठाने १९०५ मध्ये हा हिंसक खेळ बंद केला होता, तो बाबासाहेब तिथे असतानाच, १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाला.) तिथे मैदानावर कृष्णवर्णीय पोरे मोठ्या संख्येने, आणि प्रशिक्षकांचे पगार कोटींत. फुटबॉल खेळाडूने महाविद्यालय बदलले की त्याला एक वर्ष बाहेर बसवत. प्रशिक्षक मात्र हवा तेव्हा दुसरीकडे जाई. खेळाडू न्यायालयात गेले. शॉन अल्स्टन हा फुटबॉलपटू त्यातला एक. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी बदलीची ती अट पहिल्या वेळेपुरती उठली, २०२४ मध्ये जवळजवळ पूर्ण गेली, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. तिथेही बाजारच आहे, पैशामागे धावाधाव आहे, हे आम्हांला दिसते. पण तिथला खेळाडू आपली किंमत विचारून मग सही करतो.

काही मंडळी म्हणतील, वकिलांना सगळीकडे कागदच दिसतो. किती क्रीडा शिक्षक पदरमोड करून पोरे घडवतात! खरे आहे. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. असा माणूस भेटला तर आम्ही त्याच्या पाया पडू. पण खर्डेकर भेटतील या भरवशावर ऊसतोड मजुराने पोराचे आयुष्य सोपवायचे काय? आणि जो सर खरोखर चांगला आहे, त्याला सही करायला अडचण कसली?

पुढची लढाई तर वेगळीच आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मागासवर्गीय खेळाडूला खुल्या प्रवर्गातील खेळाडूंच्या जागेकडे बघूच नको, असे सांगितले जात असे. खुल्या जागा कुणा एका वर्गाच्या नाहीत, गुणवत्तेवर त्या सर्वांना खुल्या आहेत, समांतर आरक्षणातही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. पण त्या रांगेपर्यंत पोचायला पदवी हातात लागते.

म्हणून आम्ही एक पानाचा मसुदा मराठीत तयार केला आहे. खोली आणि मेस किती वर्षे, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, खेळ थांबला तरी पदवी पूर्ण होईपर्यंत राहण्याची सोय कोण करणार, शिष्यवृत्तीचा अर्ज कुणी आणि कधी भरला याची प्रत, महाविद्यालय सोडताना किती दिवसांत दाखला, आणि मूळ कागद घरीच राहतील हे कलम. खाली तीन सह्या: खेळाडू, पालक, प्राचार्य. गरीब मराठा शेतकऱ्याच्या, वंजारी, मातंग, भटक्या समाजाच्या पोरालाही तो तसाच लागू पडतो. मागेल त्याला मोफत देऊ. त्या मुलाच्या बापाने चार प्रती नेल्या आहेत. त्याच्या वस्तीतली दोन पोरे यंदा बारावीला आहेत, दोघेही कबड्डी खेळतात, आणि मोटारसायकल एकदा येऊन गेली आहे.