पिल्लू चावते तेव्हा

पेणच्या एका ताई विचारतात : दोन महिन्यांचे पिल्लू मुलांची बोटे चावते, चेंडू धरून गुरगुरते, मारावे का?

ताई, जयभीम. मारू नका. चावा किती जोराचा, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते. आपण त्याला लवकर तोडून आणतो. दात लागताच खेळ थांबवा, पाठ फिरवा. चेंडू हिसकावला की त्याचा संशय खराच ठरतो. भाकरीचा तुकडा पुढे करा, चेंडू सुटला की घ्या आणि परत द्या. (सुकट नको, मीठ फार!)

मात्र नुसता ओरखडा उठला तरी हळद-चुना लावू नका. साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पिल्लालाही 3 महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या.