पंखेवाल्या गाडीचे गोडवे पुरे

शेपटीला लाकडी पंखा लावलेल्या त्या चंदेरी जर्मन डब्याचा फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. खाली ठरलेली ओळ: काळाच्या पुढचं यंत्र, रेल्वेवाल्यांनी मारलं. साफ खोटं.

फ्रान्झ क्रुकेनबर्गच्या 'शीनेनत्सेपेलिन'नं २१ जून १९३१ला ताशी २३० किमीचा वेग गाठला, हे मान्य. विमानाचं इंजिन, हलकं अंग, दिसायलाही देखणा. पण मागे पंखा गरगरत असताना दुसरा डबा जोडणार कुठे? गर्दीच्या फलाटावर तो उघडा पंखा आणणार कसा? एका इंजिनामागे कितीतरी डबे, हीच तर रेल्वेची सगळी ताकद. इथे नेमकी तीच सोडून दिली. (रशियात १९२१मध्ये अबाकोव्स्कीची पंखेवाली गाडी तुलाहून मॉस्कोला परतताना रुळांवरून घसरली. तो स्वतः आणि बोल्शेविक नेता अर्त्योम त्यात मेले. हा फोटो मात्र कुणी फिरवत नाही.)

आणि मारलं कुणी? १९३३मध्ये बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर 'फ्लिगेंडर हाम्बुर्गर' ही डिझेल गाडी ताशी १६० किमीनं रीतसर तिकीट काढलेले प्रवासी नेऊ लागली. तोवर क्रुकेनबर्गनंच आपल्या डब्याचा पंखा उतरवून इंजिनाची शक्ती चाकांना दिली होती. ज्यानं बनवला त्यालाच तो नको झाला होता. तुम्ही कशासाठी गळे काढताय?