प्रभूच्या पंगतींतील पंक्तिप्रपंच

ख्रिस्ती समाजांत जातिभेद नाहीं, हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं, त्यांत आतां अर्थ राहिला नसून केवळ उच्चार राहिला आहे. तें व्यासपीठावरून ऐकूं येतें, नाताळच्या फराळाला आलेल्या हिंदु शेजाऱ्यांपुढें ऐकूं येतें, आणि प्रसंग पाहून वर्तमानपत्रांतही वाचावयास मिळतें. पण तेंच मुख, घरीं मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली म्हणजे, आवाज उतरवून एक प्रश्न विचारतें: "मूळचे कोण?" हे दोन शब्द जेथें कधींच उच्चारले गेले नाहींत असें एक महाराष्ट्रीय ख्रिस्ती घर आम्हांस कोणी दाखवावें, आम्ही त्याच्या उंबऱ्याला हात लावून परत येऊं. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोंत व ख्रिस्ताच्या धर्मावर आमची निष्ठा आहे. म्हणूनच हें उणें परक्यानें काढण्याची वाट न पाहतां आम्हीच काढावें हें बरें.

दोष नवा नाहीं. नव्या करारांतील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत एक लहानसा प्रसंग आहे. सभेंत दोन माणसें येतात. एकाच्या बोटांत सोन्याची अंगठी व अंगावर झगझगीत वस्त्रें, दुसऱ्याच्या अंगावर मळकीं चिरगुटें. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला तिकडे उभा राहा, नाहींतर माझ्या पायांशीं बैस, असें सांगण्यांत येतें. मंडळीच्या अगदीं पहिल्या पिढ्यांतच ही तक्रार लिहून ठेवावी लागली! पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतील हकीकत याहूनही बोचक आहे. अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर खुशाल जेवीत असे; पण यरुशलेमेकडील कांहीं यहूदी मंडळी आली मात्र, तो पंक्तींतून हळूच अंग काढूं लागला, आणि त्याचें पाहून बर्णबाही उठला. पौलानें त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला आणि त्या वर्तनाला ढोंग हेंच नांव दिलें. वाढप्यानें ओळखीच्या पानावर तुपाची धार धरावी व अनोळखी पानावरून हात आंखडून पुढें जावें, याला मराठींत पंक्तिप्रपंच म्हणतात. पेत्र तर प्रेषितांचा अग्रणी. त्याला जर कोणी बोलणारा भेटला, तर आमच्या पंचकमिट्यांना का भेटूं नये?

गोमंतकाकडे पाहा. १५१० मध्यें अल्बुकर्कानें गोवें घेतलें व त्या शतकांत गांवेंच्या गांवें ख्रिस्ती झालीं. नांवें बदललीं, देवळें गेलीं, पोशाख पालटला. गेली नाहीं ती जात. ब्राह्मण तो बामण झाला, क्षत्रिय म्हणविणारा तो चारडो झाला, आणि खालचा तो सुदीर राहिला. चर्चमधील बंधुमंडळें, ज्यांना तेथें कॉन्फ्रारी म्हणतात, तीं जातीजातींचीं. मिरवणुकींत कोणीं कोणता झगा घालावा व कोणीं पुढें चालावें यावरून गांवें भांडलीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं तर या भांडणाला ग्रंथरूप आलें. १७०२ सालीं आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूनें ब्राह्मणकुळाची थोरवी गाणारा पोर्तुगीज ग्रंथ लिस्बनला छापविला. १७१३ सालीं लिओनार्दु पाइश यानें चारड्यांच्या वतीनें त्याला तसाच छापील जबाब दिला. धर्म एक, वेदी एक, मिस्सा एक; वाद मात्र कोणाचा वंश उंच याचा. आपल्याकडील वेदोक्त प्रकरणाची ज्यांना येथें आठवण होईल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, या वादांतील वादी व प्रतिवादी दोघेही ज्याचे सेवक म्हणवीत होते तो एका सुताराच्या घरीं वाढला होता.

मौज अशी कीं, ज्यांनीं हा कुलाभिमान जपला तेच दुसऱ्याच्या वर्णाभिमानाखालीं चिरडले जात होते. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रु या ब्राह्मण तरुणाला गोव्यांत याजकपदाची दीक्षा मिळेना. तो रोमला गेला, तेथें याजक झाला, आणि १६३७ सालीं बिशपही झाला. पण गोव्यांतील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनीं त्याला मानलें नाहीं. अखेर त्यानें आदिलशाही मुलखांतील डिचोलीस ठाण दिलें व १६५३ च्या सुमारास पोर्तुगीजांविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. त्या लेखाचें नांव काय असावें? 'ब्राह्मणांचा आरसा'! कातडीच्या रंगावरून आपल्यावर झालेला अन्याय या मनुष्याला लख्ख दिसला; परंतु त्या अन्यायाविरुद्ध हांक मारावयाची तीही स्वजातीलाच, याच्या पलीकडे त्याची दृष्टि गेली नाहीं. पुढें १७८७ त पिंटोंचें बंड म्हणून जो कट उघडकीस आला, त्याच्याही मुळाशीं हेंच दुखणें होतें. कौतु व गोंसाल्विश हे दोन धर्मगुरु वरच्या जागा एतद्देशीयांस मिळाव्या म्हणून लिस्बनपर्यंत गेले व रिकाम्या हातीं परतले. कट फुटला, आणि १७८८ सालीं पंधरा जणांना देहान्त शासन झालें. त्या पंधरांविषयीं आम्हांस आदर आहे. पण सुदिराला बंधुमंडळांत घ्या, अशी मागणी करण्याकरितां लिस्बन सोडाच, शेजारच्या गांवापर्यंत तरी कोणी गेला काय?

प्रॉटेस्टंट वाचकांनीं येथें हंसूं नये. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं दक्षिणेकडील मंडळ्यांस जात निखालस सोडण्याचा हुकूम केला, तेव्हां तंजावरकडील अनेकांनीं जात न सोडतां मंडळीच सोडली. आमच्याकडे अमेरिकन मिशननें १८३१ त अहमदनगरास ठाणें घातलें. त्या मिशनच्या झेंड्याखालीं आलेले बहुसंख्य लोक महार व मांग. परंतु मराठी ख्रिस्ती म्हटल्याबरोबर सुशिक्षित वाचकाला कोण आठवतात? बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक. तिघेही थोर, याबद्दल वाद नाहीं. पण नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पायीं हिंडून ज्यांनीं मंडळ्या उभ्या केल्या, त्या महार-मांग उपदेशकांपैकीं पांचांचीं तरी नांवें आमच्या वाचकांना सांगतां येतील काय? ब्राह्मणानें बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्याचें चरित्र लिहिलें गेलें. महारांच्या शंभर कुटुंबांनीं घेतला म्हणजे अहवालांत शंभराचा आंकडा लिहिला गेला. आठवणींतलाही पंक्तिप्रपंच असतो, आणि तो ताटावरच्याहून जास्त काळ टिकतो.

टिळक पतिपत्नींची गोष्ट मात्र येथें वेगळी काढून ठेविली पाहिजे. आपलें सोंवळें एका दिवसांत गळून पडलें नाहीं, तें कसकसें गेलें, हें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रां'त लपवून ठेविलें नाहीं. आणि नारायणराव १९१७ सालीं मिशनच्या पगारी नोकरींतून मोकळे झाले व 'देवाचा दरबार' मांडून बसले, तेव्हां बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला या दोघांनाही त्यांनीं त्यांत जागा दिली. गोऱ्या साहेबाचा पगार आणि काळ्या उपदेशकाचा पगार यांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या सोडलेल्या नोकरीची किंमत सांगावी लागणार नाहीं.

आतां आकुर्डी. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम पडतो तें हें गांव. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढें खुद्द आकुर्डीस बजाजचा कारखाना आला, १९७० त आकुर्डी, चिंचवड, भोसरी व पिंपरी या चार गांवांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ त महानगरपालिका. यंत्रांमागून माणसें आलीं: नगरकडून, मराठवाड्यांतून, सोलापुराहून, आणि केरळ, तामिळनाडु, मंगळूर, गोवें येथूनही. त्यांत ख्रिस्ती कुटुंबें पुष्कळ. लेथवर शेजारीं उभ्या राहिलेल्या दोघांस यंत्र जात विचारीत नाहीं. कँटीनमधील डाळही विचारीत नाहीं. उपासनेसाठीं मात्र हेच लोक पांगतात. मल्याळी मल्याळ्यांत, तामीळ तामिळांत, मराठी मराठींत. भाषेकरितां पांगणें आम्ही समजूं शकतों. प्रार्थना आईच्या भाषेंतच करावी. पण पडदा भाषेचा आणि आड बसलेली दुसरीच कोणी, असा प्रकार जेथें आहे तेथें आमची तक्रार आहे. आमच्या माहितींतील एका मंडळींत एकाच इमारतींत दोन उपासना होतात. इंग्रजी उपासनेला सकाळची थंड वेळ. मराठी उपासनेला डोक्यावर ऊन आल्यानंतरची. इमारतीच्या वर्गणींत मराठी मंडळींचा वांटा मोठा आहे. वेळ बदलून देण्याची गोष्ट निघाली म्हणजे मोठी माणसें दुपारीं येत नाहींत, असें उत्तर मिळतें. मोठीं म्हणजे कोण, हें याकोबानें लिहून ठेविलेंच आहे.

या पट्ट्यांतील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीं नसून गुरुवारीं असते, हें पुण्यांत राहणाऱ्या पुष्कळ वाचकांसही माहीत नसेल. याचा अर्थ एवढाच कीं, रविवारीं सकाळीं घंटा होते तेव्हां वेल्डर, टर्नर, कंत्राटी मजूर हे पहिल्या पाळीला उभे असतात, आणि बँकेंतले, कचेरींतले व हिंजवडीकडचे संगणकवाले बांकांवर बसलेले असतात. यांत कोणाचा अपराध नाहीं. अपराध पुढें सुरू होतो. पंचकमिटीच्या निवडणुकीला उभें राहण्यास नियमित उपस्थिति हवी, असा एका मंडळीचा नियम. त्या नियमानें एका वेल्डरचें नांव गळालें. त्याच वर्षीं निम्मे महिने परदेशीं असणारे एक अधिकारी बिनविरोध पंच झाले; त्यांची अनुपस्थिति कामानिमित्त होती म्हणे. वेल्डर रविवारीं कारखान्यांत काय सहलीला जात होता? नियम दोघांना एकच होता. डोळा मात्र दोन प्रकारचा होता. शाळांचीही तीच कथा. अल्पसंख्याकांच्या संस्थांना घटनेच्या तिसाव्या कलमानें जें संरक्षण दिलें तें अल्पसंख्याकांतील गरिबाकरितां नसेल तर कोणाकरितां? पण प्रवेशाच्या दिवसांत नगरसेवकाची चिठ्ठी आणि मोटारीची किल्ली यांना दार उघडतें, आणि त्याच मंडळींतील झाडूवाल्याच्या मुलाला अर्ज भरून थांबावयास सांगतात. सर्वच शाळा अशा नाहींत. ज्या तशा नाहींत त्यांना हें लागणारही नाहीं.

या सर्वांहून मोठें ढोंग मात्र दिल्लीच्या वाटेवर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ त त्यांत शीख आले, १९९० त बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगानें २००७ सालीं ही धर्माची अट काढावी असें सुचविलें. २०२२ त याच प्रश्नासाठीं न्यायमूर्ति बालकृष्णन् यांचा आयोग नेमण्यांत आला. आमच्या मतें मागणी सर्वस्वीं न्याय्य आहे. बाप्तिस्मा घेतल्यानें गांवकुसाबाहेरचें घर गांवांत आलें नाहीं, सावकाराचें कर्ज फिटलें नाहीं, आणि पाणवठ्यावरील नजरही बदलली नाहीं. परंतु आमचे पुढारी दिल्लीस जाऊन सांगतात कीं, ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्याच्या कपाळची अस्पृश्यता सुटत नाहीं. आणि परत आल्यावर त्याच आठवड्यांत व्यासपीठावरून सांगतात कीं, आमच्यांत जातच नाहीं. दोहोंपैकीं एक खोटें आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें २०१६ सालीं दलितांविषयींचें धोरण प्रसिद्ध करून आपल्या घरांत भेदभाव आहे हें कबूल केलें, हें तिला भूषणावह आहे. पण ख्रिस्ती धर्म या देशांत येऊन शतकांवर शतकें लोटल्यावर पहिला दलित कार्डिनल होण्यास २०२२ साल उजाडावें लागलें, याचा हिशेब त्या धोरणांत बसत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १ जानेवारी १९३८ रोजीं सोलापुरास ख्रिस्ती मंडळींसमोर भाषण केलें. ख्रिस्ताविषयीं आदर आणि ख्रिस्ती लोकांविषयीं परखड टीका, दोन्ही त्यांत होतीं. दक्षिणेंतील चर्चमधल्या जातिभेदावर त्यांनीं तेव्हांच बोट ठेविलें होतें. पुढें ते बौद्ध झाले. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि तो सर्व दोष आमच्या माथीं मारणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परंतु आमच्या देवळाच्या दारांतून आंत डोकावून परत फिरलेला तो एक अत्यंत बुद्धिमान मनुष्य होता, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

कोणी म्हणतील, हे दिवस असले बोलण्याचे नव्हेत. ख्रिस्ती लोकांवर आधींच चहूंकडून दगड येत असतां तुम्ही दगड मारणाऱ्याच्या हातीं आणखी एक देतां. हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. दगड मारणाऱ्याला आमच्या लेखाची गरज नसते. आणि ज्याला मंडळींत मागच्या बांकावर बसविलें त्याला दगड लागतो तो पाठीमागूनही लागतो. दुसरे कोणी, विशेषतः आमचे हिंदु मित्र, हें वाचून मिशीत हंसतील. त्यांना एवढीच आठवण करून देतों कीं, पंढरीचा विठोबा हरिजनांस मोकळा व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें, आणि ज्या चोखोबाचे अभंग सर्व वारकरी गातात त्याची समाधि महाद्वाराच्या पायरीशीं आहे. हंसण्याचा अधिकार येथें कोणालाच नाहीं.

आकुर्डी-चिंचवडच्या मंडळ्यांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. प्रत्येक मंडळीनें गेल्या दहा वर्षांतील पंचांचीं नांवें व व्यवसाय भिंतीवर लावावे. शाळा असेल तर मंडळींतील किती मुलांनीं अर्ज केले व किती घेतलीं तेंही लावावें. याला ठराव नको, परिषद नको, बिशपांची परवानगीही नको. एक कागद आणि चार टांचण्या पुरतील. आणि गुरुवारीं एक उपासना सुरू करावी. पाळकाला त्या दिवशीं सवड नसेल तर ज्यांना सुट्टी आहे त्यांतला एखादा वेल्डर शास्त्रपाठ वाचील. मंदिराची किल्ली तेवढी त्याच्या हातीं द्यावी.