वणव्याने जाळले, कायद्याने अडविले

उत्तराखंडच्या डोंगरांत वणवा पेटला की शासनाचे शौर्य आकाशात दिसते. २०१६ साली वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालच्या तलावातून पाणी उचलले. २०२४ सालीही हेलिकॉप्टरे आली. आग विझल्यावर जळालेली छानी पुन्हा उभारणाऱ्या शेतकऱ्यापाशी मात्र कोणी उतरत नाही.

छानी म्हणजे गढवाली शेतकऱ्याचा, गावापासून दूर जंगलाच्या कडेला बांधलेला गोठा. दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर दगडी फरशा किंवा गवत. वणव्यानंतर भिंतींचा दगड बहुतांशी उरतो, माती पायाखालीच असते, श्रम गावाचेच. सिमेंट नको, ठेकेदार नको. हवे ते चार तुळयांचे लाकूड. नेमके तेच वनखात्याच्या कुलपात आहे!

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरविलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत गोठ्याची किंमत ३,००० रुपये होती, तीही गोठा घराला लागून असेल तर. छानी घराला लागून असती तर तिला छानी कशाला म्हटले असते? याच निकषांनी मातीगवताची झोपडी प्लास्टिकच्या कापडाच्या पंक्तीला बसविली. तीच माती धनिकांच्या पर्यटनगृहाला लिंपली की ‘निसर्गस्नेही वास्तुकला’ ठरते.

याहून भयंकर आहे १९२७ चा भारतीय वन कायदा. कलम ७९ अन्वये जंगलात हक्क बजावणाऱ्याने आग विझविण्यास धावलेच पाहिजे. आणि कलम २६ अन्वये, राखीव जंगलात कोणी हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने आग लावल्यास शासन तेथील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क वाटेल तितका काळ स्थगित करू शकते. गुन्हा एकाचा, शिक्षा साऱ्या गावाला! वसाहतवाद्यांचे हे कलम स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी जपून ठेवले आहे.

आगी माणसेच लावतात, असे वनाधिकारी सांगतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण वाळल्या सुयांनी भडकणारे चीड-पाइनचे जंगल वाढविले कोणी? राळ आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी ब्रिटिश वनखात्यानेच ना? १९२१ साली कुमाऊंच्या शेतकऱ्यांनी हीच राळेची जंगले पेटवून दिली होती, त्यांना गुन्हेगार म्हणणारी नोकरशाही तेव्हाही होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत. तेव्हा तुळयांचे लाकूड ग्रामसभेच्या ठरावावर मिळाले पाहिजे. गोठा घराला लागून असो वा नसो, बांधणीचा प्रत्यक्ष खर्च मिळाला पाहिजे. आणि कलम २६ मधील सामूहिक शिक्षेची तरतूद रद्द झाली पाहिजे. जून सरत आला की डोंगरावर पाऊस सुरू होतो, आणि जनावरे तोवर उघड्यावर असतात.