भर दुपारी बंद झालेली दारे

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशातील घोडेस्वार, पिस्तुले आणि धुळीने माखलेली गावे यांवर बेतलेले चित्रपट 'वेस्टर्न' म्हणून ओळखले जातात. त्यांत सर्वश्रेष्ठ कोणता, यावर त्यांचे चाहते वर्षानुवर्षे हिरिरीने भांडत आले आहेत. २००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'ला (१९५६) पहिले आणि फ्रेड झिनेमनच्या 'हाय नून'ला (१९५२) दुसरे स्थान दिले. याच संस्थेने १९९८ साली शंभर श्रेष्ठ अमेरिकन चित्रपट निवडले, तेव्हा 'हाय नून' ३३वा होता आणि 'द सर्चर्स' ९६वा. २००७च्या यादीत ते अनुक्रमे २७वा आणि १२वा झाले. नऊ वर्षांत चित्रपटांची एक चौकटही बदलली नव्हती; बदलली ती परीक्षकांची अभिरुची. असो.

'द सर्चर्स'चे दृश्यवैभव वादातीत आहे. मॉन्युमेंट व्हॅलीचे तांबडे कडे आणि अंधाऱ्या दारातून दिसणारा एकाकी नायक विसरणे कठीण. पण त्याच चित्रपटात एका कोमांची स्त्रीला लाथेने उतारावरून ढकलून दिले जाते आणि प्रेक्षकाने त्यावर हसावे, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा दिसते. त्याच्या थोरवीची स्तोत्रे गाणारे या प्रसंगाचा सोयीस्कर विसर पाडतात.

'हाय नून'वरील आक्षेप मात्र जुनाच आहे: तो प्रचारकी आहे, त्यात वेस्टर्नचा निर्मळ आनंद नाही. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांचाही सूर असाच होता. आपण केवळ वेस्टर्न असल्याची जणू लाज वाटणाऱ्या चित्रपटांत त्यांनी त्याची गणना केली. वस्तुतः या चित्रपटात प्रचार आहे तरी कशाचा?

हॅडलीव्हिलचा मार्शल विल केन विवाह उरकून पद सोडतो. तोच वार्ता येते की, त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. त्याचे तीन साथीदार स्थानकावर वाट पाहत बसले आहेत. गावाबाहेर पडलेला केन परततो आणि दारोदार साहाय्य मागतो. न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज आणि न्यायाचा तराजू गुंडाळून चालता होतो. एक मित्र पत्नीकरवी 'घरी नाहीत' असे सांगवतो. उपमार्शल बढती न मिळाल्याने रुसलेला आहे. चर्चमध्ये चर्चा रंगते. नगरप्रमुख केनच्या कर्तृत्वाची मुक्तकंठाने प्रशंसा करतो आणि त्याच भाषणात त्याला निघून जाण्याचा सल्ला देतो. उत्तरेकडील धनिक या गावात पैसा गुंतवण्याच्या विचारात आहेत; रस्त्यावर रक्त सांडले तर ते बिचकतील! खलनायकाच्या चार पिस्तुलांपेक्षा हे सुसंस्कृत भाषण अधिक भयावह आहे. यांतील कुणीही दुष्ट नाही. सारे सज्जन आहेत, देवळात जाणारे आहेत आणि प्रत्येकाजवळ स्वतःचे असे एक रास्त कारण आहे. ('शोले'तील रामगढचे गावकरीही एकदा असेच कचरतात, हे मराठी प्रेक्षकाला स्मरेल.)

हॉवर्ड हॉक्स या मातब्बर दिग्दर्शकाला हे रुचले नाही. कसलेल्या शेरीफाने सामान्य नागरिकांपुढे पदर पसरावा, हेच त्याला अमान्य होते. त्याने जॉन वेनला घेऊन 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. चित्रपट बहारदार आहे, यात शंका नाही. परंतु त्यातला शेरीफ साहाय्य नाकारू शकतो, कारण ते देऊ करणारे भोवती आहेत. संकट येताच कुणी ना कुणी धावून येतेच. कुणीच आले नाही तर काय, या प्रश्नाला हॉक्सने हातच घातला नाही. शिवाय केनलाही एक एकाक्ष मद्यपी आणि एक चौदा वर्षांचा मुलगा साथ देऊ करतात. तो दोघांनाही परत पाठवतो. 'केन भीक मागतो' म्हणणारे हे प्रसंग बहुधा डुलकी घेऊन पाहतात.

खरा रोष पटकथाकार कार्ल फोरमनवर होता. तो पूर्वी साम्यवादी पक्षाचा सदस्य होता, हे लपविण्याचे कारण नाही. १९५१ साली, चित्रपट घडत असतानाच, तो अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभा राहिला. त्याने सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला, आणि त्याला इंग्लंड गाठावे लागले. पण लेखकाच्या पक्षावरून कलाकृतीचे मोल ठरवणाऱ्यांची पुढे मोठी पंचाईत झाली. ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये साम्यवादी राजवटीविरुद्ध 'सॉलिडॅरिटी' निवडणुकीस उभी राहिली, तेव्हा तिच्या गाजलेल्या भित्तिपत्रकावर कोण होते? छातीवर संघटनेचे चिन्ह आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका घेतलेला 'हाय नून'मधील गॅरी कूपर! ज्याला अमेरिकेत साम्यवादाचा हस्तक ठरवले गेले, तोच नायक साम्यवाद्यांना मतपेटीतून हरवायला निघालेल्यांनी आपला मानला.

१९७१ साली एका मुलाखतीत जॉन वेनने या चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरवले आणि फोरमनला देशाबाहेर घालवण्यास हातभार लावल्याचा आपल्याला खेद नाही, असेही सांगितले. पुरावा म्हणून त्याने शेवटचे दृश्य दिले: कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली तुडवतो. प्रत्यक्षात केन बिल्ला धुळीत टाकतो आणि पत्नीसह गाडीत बसून निघून जातो. पाय कुठेच पडत नाही. मात्र मार्च १९५३मध्ये याच भूमिकेसाठी कूपरला ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याच्या अनुपस्थितीत ते स्वीकारायला व्यासपीठावर गेला तो जॉन वेनच. ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही, हे आता आपल्या व्यवस्थापकाला विचारावे लागेल, असे त्याने त्या रात्री हसत हसत सर्वांना सांगितले होते.